मोरपंखी पॅन्टवर अबोली शर्ट

काळी पॅन्ट सगळ्यावर चालते, असं म्हणणाऱ्या गिऱ्हाइकाशी मी आयुष्यभर भांडत आलोय. काळी पॅन्ट कशावरच चालत नाही. आकाशी शर्टाखाली ती जड दिसते, क्रीमखाली परकी दिसते, आणि पांढऱ्याखाली घातली तर हा माणूस आता आपली ऑर्डर घेणार असं वाटतं. दिवसाउजेडी हिंडणाऱ्या माणसानं राखी, नेव्ही नाहीतर बिस्किट रंगाची पॅन्ट घ्यावी. शर्ट तिच्याहून फिकट असावा. दोघांपैकी एकानं बोलावं, दुसऱ्यानं गप्प बसावं. एवढं साधं आहे, पण माणसं ऐकत नाहीत, आणि मला ऐकवल्याशिवाय राहवत नाही.

लोणावळ्याच्या बाजारात माझं सुटिंग-शर्टिंगचं दुकान आहे. कापतो मी, मागे मशीनवर कारागीर शिवतो. आता त्याला उतरती कळा लागली आहे. कापड घेऊन, माप देऊन, आठवडाभर थांबून पॅन्ट शिवून घेणारी माणसं म्हातारी झाली, आणि त्यांची मुलं तयार कपड्यांच्या दुकानात जातात. शनिवार-रविवारी भुशीच्या धरणावर भिजून आलेली पोरं दारात ठिबकत उभी राहतात आणि हाफपॅन्ट आहे का विचारतात. नाही म्हटलं की माझ्याकडे असं बघतात की मीच चुकीच्या दुकानात येऊन बसलोय.

दुकान चालतं ते आहेरावर. आमच्या मावळात लग्नात पाहुण्याला पॅन्टपीस-शर्टपीस देतात. ते तो शिवत नाही, ट्रंकेत ठेवतो आणि पुढच्या लग्नात दुसऱ्याला देतो. एकेक पीस वर्षानुवर्षं असा घरोघर हिंडतो आणि कोणाच्याच अंगाला लागत नाही. याला एकच अपवाद आहे, दुखवट्याचा. घरात माणूस गेलं की दहाव्याला सोयरे नवे कपडे आणतात आणि ज्याचं माणूस गेलंय त्याच्या खांद्यावर घालतात. हे कपडे पुढे देता येत नाहीत. ते शिवायचे आणि अंगावर घालायचे. ते घातले की दुखवटा फिटला, माणूस मोकळा झाला असं समजतात.

दुखवट्याचं कापड घ्यायला येणाऱ्याला मी जास्त बोलू देत नाही. राखी पॅन्ट, मोतिया नाहीतर बदामी शर्ट काढतो आणि ते दारात नेऊन दाखवतो. कापड नेहमी दारातल्या उजेडात बघावं. ट्यूबलाइटखाली नेव्ही आणि काळा एकच होतात, आणि काही रंग तर असे दडून बसतात की उन्हात गेल्यावरच तोंड दाखवतात.

मी स्वतः कायम राखी आणि पांढरं घालत आलो. माझं कपाट उघडलं की खोलीत धुकं शिरतं, असं माझी बायको म्हणायची.

ती गेल्या दिवाळीनंतर गेली. दीड वर्ष अंथरुणाला होती. आम्हाला मूलबाळ नव्हतं. ती मळवलीजवळच्या भाजे गावची, आईबापाची एकुलती एक. सासूबाई आधीच गेल्या होत्या, त्यामुळे तिकडे तिच्या वडिलांशिवाय कोणी नव्हतं आणि इकडे माझ्याशिवाय. तिच्या आजारपणात मामा, म्हणजे माझे सासरे, दर गुरुवारी यायचे. गुरुवारी माझं दुकान बंद असतं. मळवलीहून सकाळची लोकल धरून, पिशवीत शेतातली भाजी घालून यायचे, तिच्या उशाशी बसायचे. फार बोलायचे नाहीत. ती झोपली की आम्ही दोघं बाहेरच्या खोलीत चहा घ्यायचो आणि तेव्हाही फार बोलायचो नाही. पण त्या चहाची मला सवय लागली होती. माझे वडील मी लहान असताना वारले. एखादा म्हातारा माणूस समोर बसून बशीत चहा ओततोय, हे मला त्याआधी माहीतच नव्हतं.

ती गेल्यावर पहिला विचार तिचा आला, आणि दुसरा, खरं सांगतो, हा आला की आता मामा कशाला येतील? नातवंड असतं तर त्याच्यासाठी आले असते. जावई आणि सासरा यांच्यामध्ये जे माणूस असतं तेच गेल्यावर मागे काय उरतं ते मला कळेना. दहा दिवस मी याच गोष्टीत अडकलो होतो.

दहाव्याला आम्ही इंद्रायणीवर होतो. पिंडाला कावळा शिवला, मी गोटा केलेल्या डोक्यानं ओलेत्यानं बसलो होतो, आणि मामा पुढे झाले. माझं दुकान बंद होतं म्हणून त्यांनी कापड कामशेतहून आणलं होतं, आदल्या दिवशी सांजेला. जन्मभर पायजमा आणि टोपी घातलेला माणूस, पॅन्टीच्या कापडातलं त्यांना काय कळणार? त्यातून डोळ्यात मोतीबिंदू. तरी मी काय घालतो ते त्यांनी लक्षात ठेवलं होतं. करडी पॅन्ट आणि बदामी शर्ट, असं त्यांनी दुकानात सांगितलं होतं, आणि ट्यूबलाइटखाली त्यांना ते तसंच दिसलं होतं.

घाटावरच्या उन्हात त्यांनी घडी मोडली तेव्हा पॅन्टपीस मोरपंखी निघाला आणि शर्टपीस अबोली. कोणीतरी खाकरलं. बायकांच्या बाजूला थोडी कुजबुज झाली. मामांनी ते कापड डोळ्यांजवळ नेलं, पुन्हा लांब धरलं. त्यांचा चेहरा असा उतरला की मला त्यांना तिथून उठवून घेऊन जावंसं वाटलं. मुलीच्या दहाव्याला आपण जावयाच्या खांद्यावर वरातीतलं कापड घातलं, हे त्यांच्या लक्षात आलं होतं.

मी म्हटलं, चांगलं आहे मामा, घाला. त्यांनी ते माझ्या खांद्यावर ठेवलं खरं, पण हात काढला नाही. हळूच म्हणाले, "पाव्हणं, हे शिवू नका इतक्यात. पॅन्टीला जुळंल असा शर्ट म्या आणून देतो."

आणि ते पुढच्या गुरुवारी आले.

पिशवीत भाजी होती आणि भाजीच्या वर वर्तमानपत्रात गुंडाळलेला एक शर्टपीस. घरातल्या ट्रंकेतला, कुठल्याशा लग्नात आलेला. आम्ही दुकानापाशी गेलो, शटर अर्धं वर केलं आणि दारातल्या उजेडात तो मोरपंखी पॅन्टपीस फळीवर पसरून त्यावर तो पीस टाकला. पिस्ता रंगाचा होता. मी नाही म्हणून मान हलवली. मामांनीही हलवली. मग घरी येऊन चहा घेतला आणि दुपारच्या गाडीनं ते गेले. जाताना म्हणाले, अजून हायत ट्रंकेत, बघतो.

पुढच्या गुरुवारी लाल चौकडीचा आणला. मग चकाकणारा, रेशमासारखा. मग निळ्या रेघांचा. प्रत्येक पीस कोणी कोणाच्या लग्नात दिला ते ते सांगायचे आणि ते सांगताना बायकोच्या माहेरची माणसं, त्यांची भांडणं, कोण कोणाशी का बोलत नाही, सगळं निघायचं. तिच्या लहानपणीच्या गोष्टी निघायच्या. ती प्रत्येक गाईला नाव द्यायची, आणि एक गाय विकली तेव्हा बापाशी बोलायची बंद झाली होती, हे मला लग्नाच्या इतक्या वर्षांत तिनं कधी सांगितलं नव्हतं. त्यांनी सांगितलं, एका फिक्या जांभळ्या पीसवरून हात फिरवता फिरवता.

आल्याबरोबर पहिला प्रश्न ठरलेला असायचा, शिवलं का? मी म्हणायचो, नाही अजून, जुळणारं मिळू दे. ते म्हणायचे, बरं.

आता यातलं कापडवाल्याला न समजण्यासारखं काही नव्हतं. मोरपंखी कितीही भडक असो, तिच्यावर पांढरा शर्ट घातला की ती निमूट होते. मोतिया घातला तरी होते. माझ्या दुकानात पांढऱ्याचे तागे कडेला रचलेले होते आणि आम्ही त्यांच्यासमोर उभे राहून पिस्ता आणि चौकडी बघत होतो. मी बोललो नाही. एरवी काळ्या पॅन्टीवरून अनोळखी माणसाशी वाद घालणारा मी, त्या फळीपाशी माझी जीभ उचलत नव्हती. जुळलं की शिवावं लागेल, शिवलं की घालावं लागेल, घातलं की दुखवटा फिटेल, आणि मग गुरुवार संपेल. मला गुरुवार संपायला नको होता.

शिवाय इतरांना उत्तर द्यायलाही ते सोयीचं होतं. माझी एक चुलतबहीण स्थळं सुचवायला लागली होती. तिला मी सांगायचो, दुखवट्याचे कपडेच अजून शिवायचेत, बाकीचं नंतर बघू. मग ती विषय बदलायची.

माघात एका गुरुवारी मामांनी पिशवीतून पांढरा पीस काढला. निव्वळ पांढरा, सुती, चांगल्या वजनाचा. मी तो मोरपंखीवर टाकला आणि दोन्ही कापडं एकमेकांना सापडल्यासारखी बसली. आंधळ्यालाही कळलं असतं. दारातून गार वारा येत होता आणि आम्ही दोघंही त्या फळीकडे बघत होतो.

मी म्हटलं, पातळ आहे मामा, पॅन्ट वजनदार आहे, पेलायचं नाही.

कापड पातळ नव्हतं. जन्मभर शेतात राबलेल्या माणसाच्या बोटांना ते माझ्याइतकंच कळत असणार. पण त्यांनी ते बोटांत धरून चाचपलंही नाही. झटकन घडी घातली आणि पिशवीत तळाशी सारून दिली. "मग राहू द्या," म्हणाले. त्या दिवशी चहाचा दुसरा कपही घेतला. मला वाटलं, आमच्यात काहीतरी ठरलंय आणि ते बोलायची गरज नाही. मी मूर्खासारखा खुशीत होतो.

उन्हाळा लागल्यावर बायकोची चुलती दुकानात आली, भाज्याहून. तिच्या घरी लग्न होतं आणि तिला आहेराचे पीस हवे होते. मी बॉक्स काढत होतो. तिची नजर काउंटरमागच्या फळीवर गेली. तिथे ती मोरपंखी पॅन्ट आणि अबोली शर्ट, दोन्ही पीस, घडी घालून ठेवलेले होते. तिनं हातातला बॉक्स खाली ठेवला.

म्हणाली, हे अजून हितंच का? मी नेहमीचं उत्तर दिलं, की जुळणारा शर्ट शोधतोय. मग जे बोलली ते हळू आवाजात, दुकानातल्या दुसऱ्या गिऱ्हाइकाला ऐकू जाऊ नये म्हणून माझ्याकडे वाकून बोलली.

"भावजींनी दिलेलं कापड जावयानं अंगाला लावलं न्हाई, असं बोलत्यात समदी. नातं तोडलं म्हणत्यात तुमी."

मी म्हटलं, काकू, असं काही नाही, ते दर गुरुवारी येतात माझ्याकडे. ती म्हणाली, येत्यात हे गावाला दिसतंय, पण लोक म्हणतात की ते मिनतवारी करायला जातात. दर आठवड्याला नवा शर्ट घेऊन जातात आणि जावई नाकारून परत पाठवतो. मग तिनं उरलेलं सांगितलं. भावकीत कोणाच्या घरी कोणी गेलं की दहाव्याला कपड्यांबरोबर दुखवट्यातल्या माणसाच्या डोक्यावर नवी टोपी घालायचा पहिला मान मामांचा असायचा, वयानं थोरले म्हणून. गेल्या दोन वेळेला त्यांना घाटावर नेलं, पण पुढे केलं नाही. ज्याच्या हातचं कापड स्वतःच्या जावयानं घेतलं नाही, त्याच्या हातची टोपी कोण घालून घेणार? मामा मागे उभे राहिले आणि तसेच घरी गेले. त्यानंतर ते कोणाच्या दहाव्याला जात नाहीत.

यातलं अक्षरही त्यांनी मला सांगितलं नव्हतं. दर गुरुवारी येऊन बशीत चहा ओतत होते.

चुलती गेल्यावर मी दुकानात नुसता बसून राहिलो. मला त्या गावाचा राग आला, चुलतीचा आला, कामशेतच्या त्या दुकानदाराचा तर फारच आला, ज्यानं एका म्हाताऱ्याला कापड दारात नेऊन दाखवलं नाही. मग राग सरला आणि जे होतं ते समोर राहिलं. मी माणूस धरून ठेवत होतो आणि त्याच्या गावात मी त्याला झिडकारलं असा अर्थ निघत होता. रिवाज सगळ्यांना एकच माहीत होता. आमचं गुरुवारचं कोणाला माहीत असणार?

त्याच दिवशी मी कापड कापायला घेतलं. पांढरा शर्ट नाही, अबोलीच. जे खांद्यावर पडलं होतं तेच. खडूनं आखताना हात नेहमीसारखा चालत होता, पण कातर लावल्यावर थांबला. कापड कापलं की मागे जाता येत नाही, हे मी गिऱ्हाइकांना सांगत आलोय. कापलं. मशीनवरच्या कारागिरानं एकदा कापडाकडे आणि एकदा माझ्याकडे बघितलं. कोणासाठी, म्हणून विचारलं. मी म्हटलं, माझ्यासाठी. त्यानं अबोली दोऱ्याचं रीळ शोधायला घेतलं.

मी गुरुवारपर्यंत थांबलो नाही. रविवारी गेलो, कारण रविवारी सगळं गाव घरी असतं. लोणावळ्याच्या फलाटावर मोरपंखी पॅन्ट आणि अबोली शर्ट घालून उभा राहिलो. ओळखीच्या एका दुकानदारानं हसून विचारलं, काय शेठ, लग्न का कोणाचं? मी आलेल्या गाडीत चढलो. मळवलीला उतरलो. लेणी बघायला आलेली माणसं पुढे मागे चालत होती, त्यांना माझं काही वाटायचं कारण नव्हतं. पण भाज्यात शिरल्यावर मी मुद्दाम सावकाश चाललो. पारावरच्या माणसांना नमस्कार केला. चुलतीच्या घरावरून गेलो. पाण्याला चाललेल्या बायका थांबल्या. एका म्हातारीनं शर्टाच्या बाहीला हात लावून बघितला आणि म्हणाली, "व्हय, हेच की. घातलंत. बरं केलंत." मला भर उन्हात, भर रस्त्यात रडू आलं, आणि ते मी लपवलं नाही.

मामा ओट्यावर शेंगा फोडत बसले होते. त्यांनी मान वर केली. आधी त्यांना मी ओळखू आलो नसावा, नुसता रंग दिसला असावा. मग ते उठले. शेजारच्या ओट्यांवरची माणसंही बघत होती, हे त्यांना माहीत होतं आणि मलाही. त्यांनी माझी कॉलर नीट केली. ती नीटच होती.

आत गेल्यावर त्यांनी स्वतः शिरा केला. दुखवटा फिटला की तोंड गोड करायचं असतं. एकट्या माणसाचा स्वयंपाक, साखर जास्त झाली होती. मी सगळा खाल्ला. चुलतीकडून सगळं कळलं म्हणून सांगितलं. मला आधी का बोलला नाहीत, असं विचारलं. त्यांनी ताटाकडे बघतच उत्तर दिलं.

"दर बेस्तरवारी म्या इचारायचो, शिवलं का. तुमी न्हाई म्हणायचा. तेवढं ऐकलं की मला आठवडाभर बरं वाटायचं. मग लोकांचं काय सांगायचं तुमाला?"

मी म्हटलं, मामा, कपडे घातले म्हणून काही बदलत नाही, तुम्ही यायचं. ते म्हणाले, येईन की. मग पाण्याचा तांब्या माझ्याकडे सरकवत, जसं काही तेही ताटातच वाढायचं राहिलं होतं, म्हणाले, "आता कुणी लग्नाचं इचारलं, तर नगं म्हणू नका. पोरीच्या बापानं कापड घातलं म्हंजे त्यानंच हे सांगायचं असतंय."

परत येताना गाडीत खिडकीशी बसलो होतो. पॅन्टीच्या कापडाला गर्दीत कोणीतरी टेकवलेल्या पिशवीचा डाग पडला होता. तो मी बोटानं पुसत राहिलो. माझ्या आयुष्यात मी घातलेली ती सगळ्यात वाईट जोडी होती, आणि ती माझ्या अंगावर नीट बसली होती. मीच कापली होती.

त्यानंतरच्या एका दहाव्याला मामांनी भावकीतल्या मुलाच्या डोक्यावर टोपी घातली, सगळ्यांत आधी. चुलतीनं आवर्जून फोन करून सांगितलं. मला खरंच आनंद झाला.

पण गुरुवारी मामा आले नाहीत. त्याच्या पुढच्या गुरुवारीही नाही. मी सकाळच्या लोकलच्या वेळेला दूध जास्त घेऊन ठेवत होतो. तिसऱ्या गुरुवारी मी फोन लावला. तब्येत बरी होती. शेतात काम होतं, पण एवढं नव्हतं. मी म्हटलं, मग या ना मामा, वाट बघतोय.

मागे त्यांच्या ओट्यावर कोंबड्या ओरडत होत्या.

"यायचं तर हाय," ते म्हणाले. "पण आता येऊन इचारू काय?"